शेगडीची राखण

थंडी आली हे आमच्या घरात आत्या ठरवीत असे. एखाद्या सकाळी घाटाकडून उतरलेला वारा मागच्या अंगणातल्या केळींची पानं फाडून जाई, उन्हं वर येईपर्यंत माथेरानचा डोंगर धुक्यात दिसेनासा होई, आणि आत्या माळ्यावरच्या शेगड्या खाली काढायला सांगे. पावसाळ्यात त्यांना गंज चढलेला असे. विटेच्या तुकड्याने ती तो घासून काढी, आतून तूस कालवलेल्या मातीचा हात देई आणि सगळ्या शेगड्या ओळीने उन्हात वाळत ठेवी. त्या वाळेपर्यंत जो कुणी गारठल्याची तक्रार करील त्याला ऐकावं लागे, "एवढ्यात कसली थंडी? अजून माझ्या शेगड्या ओल्या आहेत."

मी तेव्हा पुण्याला एका इंग्रजी शाळेत शिकत होते आणि तिथल्याच बोर्डिंगात राहत होते. तिथली थंडी कर्जतच्या थंडीहून कडक, पण तिला वास नव्हता. लोखंडी पलंग, पांढऱ्या चादरी, तोंडातून निघणारी वाफ, बस्स. घरच्या थंडीला वास होता. पहाटे बंबात पेटलेल्या गोवरीचा, दारावरून जाणाऱ्या गाड्यांतल्या पेंढ्याचा, तुपात तळलेल्या डिंकाचा. संध्याकाळी दहिवलीच्या बाजूला शेतात मडक्यात शेंगा भाजायची पोपटी लावलेली असली तर वालाच्या शेंगांचा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास नदीवरून थेट आमच्या ओटीपर्यंत येई. नाताळच्या सुट्टीत स्टेशनवर उतरले की मी आधी नाकाने घरी पोचत असे.

विस्तवाच्या बाबतीत आत्याचे काही कायदे होते. माझे वडील, नाना, वकील होते, पण घरात त्यांच्या कायद्यापेक्षा आत्याचे कायदे कडक पाळले जात. शेगडी पेटवायची ती अंगणातच. कोळसा धुमसत असताना घरात आणायचा नाही. तो पुरता लाल होऊन त्यावर राखेचा पांढरा पापुद्रा धरला, की मगच शेगडीने उंबरा ओलांडायचा. आत ठेवायची ती वाळू पसरलेल्या परातीत, म्हणजे निखारा उडालाच तर वाळूत पडेल. जवळ जाताना पदर खोचलेला हवा. गोधडीचं टोक लोंबता कामा नये. आणि पेटती शेगडी एकटी सोडायची नाही. तिच्याशी कुणीतरी जागं माणूस बसलेलं हवं.

हे शेवटचं काम सुट्टीत माझ्याकडे येई. आत्या त्याला शेगडीची राखण म्हणे. मला ते काम फार आवडायचं, कारण शेगडीशी बसलेल्या मुलीला कुणी बोलायला लावत नाही. पाहुणे आले की "काय गं, तुमच्या शाळेत मडमा काय शिकवतात, बोलून दाखव ना इंग्रजी" असं सुरू होई आणि माझी जीभ टाळ्याला चिकटे. शेगडी असली की चिमट्याने निखारे सारखे करत मान खाली घालता येई. त्या लाल उजेडाकडे बघत मी घरातलं सगळं बोलणं ऐकत असे. आमच्या घराची बरीचशी माहिती मला शेगडीपाशी मिळालेली आहे.

घर कौलारू होतं. नळ्यांची जुनी कौलं, खाली वासे आणि रिपा, आणि त्यांच्या फटींतून दिवसा उन्हाचे ठिपके जमिनीवर पडत. थंडीत सकाळी रस्त्यावरून पाहिलं तर सगळं छप्पर हळूहळू धुमसताना दिसे; आतल्या विस्तवांचा धूर त्या फटींतून आपली वाट काढी. त्याच वाटेने वाराही आत येई. अंगावर दोन गोधड्या घेतल्या तरी नाकाचा शेंडा गार राही, आणि सकाळी पांघरुणावर कौलांवरून गळलेली बारीक माती सापडे. याची तक्रार करायची असते हे आम्हांला ठाऊक नव्हतं.

मग ताईचं पहिलं बाळ गेलं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. पहिल्या बाळंतपणाला ती ऐन पौषात माहेरी आली होती. बाळ माजघरामागच्या खोलीत झालं, आणि पंधरवडा पुरा व्हायच्या आत छाती भरून गेलं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, गारठा बाधला. मी तेव्हा बोर्डिंगात होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा ती खोली सारवून बंद केलेली होती आणि ताई सासरी गेली होती. पुढच्या हिवाळ्यात संध्याकाळी नाना त्या रिकाम्या खोलीत जाऊन उभे राहत आणि हात वर करून कुठून वारा येतो ते तळव्याने चाचपत. मी ते दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा आल्या पावली परत फिरले.

ताईला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा नानांनी दिवाळीनंतर सुताराला बोलावलं. माजघरामागच्या त्याच खोलीला त्यांनी तक्तपोशी करून घेतली. छपराखाली सागाच्या फळ्या ठोकून सगळं वरचं अंग बंद. फळ्यांच्या सांध्यांत लांबी भरली. भिंतीत वर एक झरोका होता, तो विटांनी बुजवला. खिडकीला लाकडी झडपांच्या आत काचेची तावदानं बसवली. सुतार म्हणाला, "रावसाहेब, आता आत मुंगी शिरायची नाही." नाना समाधानाने हसले. तरी दाराच्या कडेने जरासा वारा लागतच होता. तेव्हा त्यांनी पेटीतून आपला जुना बनातीचा काळा कोट काढला. वकिली सुरू केली तेव्हा शिवलेला, कोपरांवर विरलेला, पण कुणाला हात लावू न दिलेला. आईच्या कात्रीने त्यांनी स्वतः त्याच्या लांब पट्ट्या कापल्या आणि बारीक चुका मारून दाराच्या चौकटीला चारी बाजूंनी ठोकल्या. दार लावलं की ते आवाजसुद्धा न करता बसे. आत्या म्हणाली, "कोट फाडलास रे." नाना म्हणाले, "घालून घालून फाटलाच होता."

नाताळात मी घरी आले तेव्हा बाळाला आठ-दहा दिवस झाले होते. मुलगा. मला पहिल्यांदा तो दिसला नाही, ऐकू आला. सकाळची वेळ होती. मागच्या न्हाणीत सुईण पाय पसरून बसली होती आणि तिच्या पायांवर पालथा घातलेला तो जीव अशा काही किंकाळ्या फोडत होता की कुंपणापलीकडचा कुत्रा उठून उभा राहिला.

"आलं घाटाचं इंजिन," आत्या म्हणाली.

त्या काळी विजेची इंजिनं अजून आली नव्हती. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढवायला कर्जतला मागून जादा इंजिन लावीत, आणि ते लागलं की एक लांबलचक शिटी देई. गावाचं निम्मं घड्याळ त्या शिट्यांवर चाले. आत्याने बाळाला इंजिन म्हटलं आणि बारसं होऊनही घरात ते नाव राहून गेलं.

सुईण जवळच्या वाडीतली होती, उंच, काळीसावळी, सदा तोंडाने चालू. मला बघून ती म्हणाली, "ही धाकटी नव्हं? वाढली गं बाय. बोलतं का नाय ही? का साळंत जीभ ठेवून आली?"

"बोलते, इंग्रजीत," आत्या म्हणाली.

"मग आमच्यासंगं कशाला बोलंल! बोलू नको गं बाय. घरात बोलणारी लय हायेत. ते तेल दे हिकडं."

न्हाऊ घालून झालं की बाळाला आणि ताईला खोलीत नेत. सुंभाने विणलेली बाज, तिच्याखाली परातीत शेगडी, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेप आणि वावडिंगाची धुरी. ताई कानाला पंचा गुंडाळून पडलेली. पूर्वीच्या बाळंतपणांत हा शेक तासाभराचा असे. मग शेगडी बाहेर जाई. पण नानांनी सांगून ठेवलं होतं की यंदा शेगडी दिवसभर हलवायची नाही, निखारे विझत आले की दुसरी आणायची, आणि दार कामापुरतंच उघडायचं. एरवी बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचा शब्द चालत नाही. पण त्या खोलीतल्या आधीच्या मरणाने नानांना तो हक्क दिला होता आणि आत्यानेही काही म्हटलं नाही. राखणीला मी होतेच.

पहिले दिवस फार सुखाचे गेले, हे मला सांगितलंच पाहिजे. बाहेर वारा घरावर आपटत होता आणि आत मात्र सुगीच्या दुपारीसारखी ऊब. डोक्यावर मातीचा कण पडत नव्हता. ताई मला हळू आवाजात सासरच्या गोष्टी सांगे, त्या तिने आईलाही सांगितल्या नसाव्यात. मी डिंकाचा लाडू चोखत, बाजेच्या पायाला टेकून, गुडघ्यावर पुस्तक ठेवून बसे. बाळ झोपलेलं असे. एवढं शांत बाळ कुणी पाहिलं नव्हतं.

"गुणी आहे हो," आई म्हणे.

सुईण म्हणे, "असलं पोर आमी पायलं नाय. एकदा आत घातला की हूं नाय का चूं नाय."

नाना कचेरीतून आले की दाराबाहेर उभे राहून विचारीत, "कसा आहे?" आतून उत्तर जाई, "झोपलाय." ते म्हणत, "ऊब मिळाली की पोर शांत असतं." त्यांच्या आवाजात इतकं हलकेपण मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

ताईचं डोकं दुखू लागलं ते नेमकं कधी, सांगता येणार नाही. आधी ती नुसती कपाळ चोळी. मग लाडू नको म्हणू लागली. खाल्लेलं वर येतंसं वाटे. आत्याने मीठमोहऱ्या ओवाळल्या. सुईण म्हणाली, "कानात वारं गेलं. शेक कमी पडतो हिला." म्हणून शेगडीत आणखी कोळसे पडले. ताईची ग्लानी वाढली. एखादं वाक्य अर्ध्यावर सोडून ती डोळे मिटी, आणि मी विचारलं की म्हणे, "काय म्हणत होते गं मी?"

माझंही डोकं दुखत होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोष पुस्तकाला लागला असता आणि राखण गेली असती. पण शेगडीशी मान खाली घालून बसणाऱ्या माणसाला बघायची सवय लागते. माझ्या लक्षात आलं की दुपारच्या जेवणाला उठून मागच्या अंगणात हात धुतले, थोडा वेळ आडाशी उभी राहिले की माझं डोकं उतरतं. परत खोलीत आले की चढतं. ताई सकाळी न्हाऊन येताना हसत असे. दिवेलागणीला तिला मान उचलवत नसे. आणि बाळ न्हाणीत घाटाच्या इंजिनासारखं ओरडत होतं, ते खोलीत आणल्यावर थोड्याच वेळात गप्प होत होतं. भूक लागली तरी गप्प. ओलं झालं तरी गप्प. त्याला उठवून पाजायला लागत असे, आणि पिता पिता ते झोपून जाई.

एकदा मी आईला म्हटलं, "आई, ताईचं डोकं खोलीतच दुखतं."

आई तेव्हा अळिवाची खीर ढवळत होती. "मग बाळंतीण आणखी कुठे असणार? बाहेर नेऊन बघायचं का दुखतं की नाही ते?" असं म्हणून ती हसली आणि मला चुलीतलं लाकूड मागे ओढायला लावलं. मी ओढलं. पुढचं वाक्य मला जुळवता आलं नाही.

त्या दिवशी, म्हणजे ज्या दिवसाचं मी सांगते आहे त्या दिवशी, सकाळपासून घाटाचा वारा सुटला होता. केळीचं एक झाड मोडून पडलं. नाना कचेरीला जाताना दाराशी थांबून म्हणाले, "आज जास्त जपा." म्हणून आत्याने जुनं लुगडं घडी करून दाराखालच्या फटीला लावलं. दुपारी घर निजलं. मी शेगडीशी होते. पुस्तकातली ओळ पुनःपुन्हा वाचत होते आणि ती कळत नव्हती. निखारे छान लाल होते, धूर नव्हता, वास नव्हता. आत्याचा प्रत्येक कायदा पाळलेला होता.

मी ताईला म्हटलं, "बाळाला पाजायची वेळ झाली."

तिने उत्तर दिलं नाही. मी तिचा खांदा हलवला. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि आईला हाक मारतात तशी मला हाक मारली. मग पुन्हा डोळे मिटले. मी बाळ उचललं. ते गरम होतं, मऊ होतं, आणि त्याचा हात माझ्या हातातून खाली लोंबला. मी त्याचा गाल चिमटीत धरला. पायाचा तळवा खाजवला. काही नाही.

उठून उभी राहिले तेव्हा खोली फिरली. दार मला लवकर उघडता येईना. बनातीने ते घट्ट धरलं होतं. मग ते एकदम सुटलं, मी लुगड्यात पाय अडकून जवळजवळ पडलेच, आणि माजघर, स्वयंपाकघर ओलांडून थेट मागच्या अंगणात गेले. अंगात एक झबलं घातलेलं, धड महिन्याचंही नसलेलं बाळ घेऊन मी त्या वाऱ्यात उभी राहिले. ज्या वाऱ्याने त्याच्या भावाला नेलं, असं आमच्या घरात सर्वांना माहीत होतं, त्याच वाऱ्यात.

आत्या माझ्या पाठोपाठ आलीच. तिच्या डोक्यावर पदर नव्हता.

"अगं ए! बुद्धी मेली का तुझी? वाऱ्यात आणलंस त्याला? आण, आण इकडे!"

"नाही," मी म्हटलं.

आत्याला मी जन्मात नाही म्हटलं नव्हतं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग ओरडली, "अहो वहिनी! धावा! या मडमेला काहीतरी झालंय!" आई आली, ओसरीवर कलंडलेली सुईण उठून आली. तिघी माझ्याभोवती उभ्या आणि मी बाळाला छातीशी धरून केळींच्या बाजूला सरकते आहे. माझे दात वाजत होते. बाळ गप्प होतं. ते रडलं नाही तर मी काय केलं असं होईल, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि तरी माझे हात त्याला सोडत नव्हते.

सुईण पुढे झाली. तिने त्याला माझ्याकडून ओढून घेतलं नाही. माझ्या हातांवरच त्याला पालथं वळवलं आणि पाठीवर दोन चापट्या मारल्या. मग त्याच्या तोंडावर फुंकर घातली. पुन्हा चापटी. बाळाने एक लहानशी उचकी दिली. मग घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज. मग ते रडलं. आधी मांजरासारखं, मग थोडं मोठ्याने, आणि मग वाऱ्याच्या वर जाणाऱ्या त्या ओळखीच्या किंकाळीने.

"हां," सुईण म्हणाली. "आता मानूस झालं."

"ताईला पण बाहेर काढा," मी म्हटलं. कुणी हललं नाही. तेव्हा मी ओरडले. माझा ओरडलेला आवाज घरात कुणी ऐकलेला नव्हता, मीही नाही. "ताईला काढा! ती बोलत नाहीये!"

आई आत धावली. आत्या आणि सुईण मिळून बाजेसकट ताईला मागच्या ओटीवर घेऊन आल्या. बाज दारात अडली तेव्हा सुईणीने आमच्या सुताराच्या सात पिढ्या काढल्या. ओटीवर ताई ओकली, मग थंडीने कुडकुडू लागली, मग "माझं बाळ कुठाय?" म्हणाली. ते ऐकल्यावर आई खाली बसली.

नानांना कचेरीत निरोप गेला होता. ते आले तेव्हा ताई घोंगडी पांघरून ओटीवर बसली होती आणि बाळ तिच्या पदराखाली पीत होतं. आत्याने एका दमात सगळं सांगितलं. त्यात वाऱ्यावर नेलेलं बाळ आधी होतं आणि शुद्धीत नसलेली ताई शेवटी. नाना माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता.

"का नेलंस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता शेगडी हवी होती समोर.

"तो न्हाणीत रडतो," मी म्हटलं. "खोलीत आणला की रडत नाही. ताईचं डोकं खोलीतच दुखतं. माझंही दुखतं. बाहेर आलं की थांबतं. तो शांत नाहीये, नाना. त्याला तिथे रडताच येत नाही."

नाना आत गेले. खोलीत शेगडी तशीच जळत होती. तिला आवरायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनी आत जाऊन दार लावून घेतलं. आत्या म्हणाली, "हे काय आता?" आई उठून दाराशी गेली, दोनदा हाक मारली. आतून "थांबा" एवढंच आलं. आम्ही थांबलो. बाहेर बाळ चुटूचुटू पीत होतं तो आवाज मला अजून आठवतो. बराच वेळ गेला, मग आईला धीर धरवेना. तिने दार ढकललं. नाना बाजेच्या जागी भिंतीला टेकून बसले होते. ते उठले, बाहेर आले, माजघराच्या खांबाला धरून उभे राहिले, आणि कपाळावर हात फिरवत आईला म्हणाले, "हिचं खरं आहे."

नंतर दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी समजावून सांगितलं की कोळशाची वाफ विषारी असते, तिला रंग नाही की वास नाही, आणि कौलांतून ती निघून जाते म्हणून आजवर कुणाला बाधली नव्हती. आत्याने ते लक्षपूर्वक ऐकलं आणि ती म्हणाली, "म्हणून तर स्वयंपाकघराला धुराडं असतं. मी सुताराला तेव्हाच म्हणणार होते." सुईण खाली बघून हसली.

डॉक्टर जाईपर्यंत नाना थांबले नव्हते. त्यांनी कचेरीचे कपडे न उतरवता शिडी लावली होती आणि पहारीने तक्तपोशीच्या फळ्या उचकटत होते. सागाच्या नव्या फळ्या. किंचाळत सुटत होत्या. फळी निघाली की वरच्या कौलांतून उन्हाचा एक ठिपका खाली पडे. बाजेच्या वरचा सगळा भाग त्यांनी मोकळा केला, बुजवलेल्या झरोक्यातल्या विटा काढल्या, आणि मग दाराशी उकिडवे बसून बनातीच्या पट्ट्या ओढून काढू लागले. चुका आखूड होत्या पण खोल गेल्या होत्या. मी खाली पडलेल्या पट्ट्या गोळा करत होते. वरून धुरळा पडून त्यांचे केस पांढरे झाले होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरात एवढं कुणाच्या लक्षात आलं नाही."

मी म्हटलं, "मी तिथेच बसते ना."

"हो," ते म्हणाले. "बसत जा."

ताईची शेगडी पुढेही चालू राहिली, पण पूर्वीसारखी, तासाभराच्या शेकाची. एरवी ती माजघरात, आणि खोलीचं दार उघडं. ऊब कमी पडे तेव्हा आई विटा तापवून फडक्यात गुंडाळून बाळाच्या पायांशी ठेवी. पांघरुणावर माती पुन्हा पडू लागली. आत्याने आपल्या कायद्यांत एक नवं कलम घातलं, की शेगडी असलेल्या खोलीत कुठूनतरी आकाश दिसलं पाहिजे. ते ती असं सांगू लागली की जणू तिच्या सासरहून आलं होतं.

आणि बाळ रडू लागलं. दिवसा, दुपारी, जेवणाच्या वेळी, अशिलं ओटीवर बसलेली असताना. घरातलं कुणी धड झोपलं नाही. माझी सुट्टी संपेपर्यंतचे ते दिवस मला पुण्याच्या लोखंडी पलंगावर फार आठवत. आताही आठवतात. आता घाटाला विजेची इंजिनं आहेत, ती शिटी निराळी आहे, आणि तो मुलगा पाटी-दप्तर घेऊन त्याच्या गावी शाळेत जातो आणि तिथे, म्हणे, गुरुजींना बोलू देत नाही. आमच्या माजघरामागच्या खोलीला अर्धीच तक्तपोशी आहे. नवीन पाहुणे विचारतात की पैसे संपले का. नाना म्हणतात, "नाही, तेवढीच हवी होती."

पण मला सगळ्यांत जास्त आठवतं ते त्या सुट्टीतल्या संध्याकाळचं. दिवे लागायच्या सुमाराला मी माजघरात शेगडीशी असे. फाटक वाजे. नाना कचेरीतून येत, पण पूर्वीसारखे सरळ ओटीवर चढत नसत. अंगणात, तुळशीपाशी, छत्री काखेत धरून वाऱ्यातच उभे राहत. आत्या एकदा दारातून म्हणाली, "अरे, आत ये की. गारठशील."

"इंजिन सुरू आहे ना?"

"सुरू आहे! कान किटले आमचे दुपारपासून. ऐकू येत नाही तुला?"

"येतंय," नाना म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.